डावीकडची दोरी

निनियन डालग्लीशने सत्तेचाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या उघडून दिल्या, आणि त्याच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातली खिडकी तेवीस वर्षं उघडत नव्हती. ह्यावरून इमारतीतल्या लोकांनी त्याची करायची तेवढी थट्टा करून घेतली होती. पहिल्या मजल्यावरच्या कॅटनाखबाई तर जिन्यात भेटल्या की हमखास विचारायच्या, तुमच्याकडे वारा अजून जिन्यानंच वर येतो का रे. तो टोपीला हात लावून पुढे सटकायचा. त्या बाईंच्या झोपायच्या खोलीतली खिडकीही त्याने दीड वर्ष लटकत ठेवली होती, त्यामुळे उलटून बोलायची सोय नव्हती.

ती खिडकी बंद पडली आईच्या मयताच्या वेळी, एकाहत्तर सालच्या फेब्रुवारीत. दफनानंतर माणसं घरी चहाला येणार, आणि स्वयंपाकघर कोळशाच्या धुरानं काळंकुट्ट. निनियनने एका दुपारात सगळं रंगवून काढलं. भिंती, दार, खिडकी. आता एडिंबरातल्या ह्या खिडक्या म्हणजे वरखाली सरकणाऱ्या दोन लाकडी झडपा. प्रत्येक झडप दोन बाजूंच्या दोन दोऱ्यांवर तोललेली. दोरी कप्पीवरून जाते आणि चौकटीच्या पोकळीत तिच्या टोकाला लोखंडी वजन लोंबतं. रंग ओला असताना झडप दर तासाला हलवायची आणि दोरीला रंगाचा थेंब लागू द्यायचा नाही, नाहीतर दोरी वाळून काटकी होते आणि एक दिवस काटकीसारखीच मोडते. हे निनियन प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा. रंगाऱ्यांना तर तो तोंडावर गाढव म्हणायचा. पण त्या दुपारी त्याने झडपा रंगवल्या, चौकट रंगवली, दोऱ्याही रंगवल्या, आणि उद्या हलवू म्हणून ब्रश धुवायला गेला. असले उद्या कुणाच्या घरी नसतात?

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, इसा. दोघंही बिनलग्नाची. ती त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, बिस्किटांच्या कारखान्यात अडतीस वर्षं पट्ट्यावर उभी राहून निवृत्त झालेली. गुडघ्यात संधिवात, जिभेला मात्र कसलाच वात नाही. दरवर्षी वसंत लागला की जवाचं सूप वाढता वाढता ती म्हणायची, निन्या, ती खिडकी उघड एकदा. हा म्हणायचा, बघू. त्याला वाटायचं तिला हवा पाहिजे, कोबीचा वास कोंडतो म्हणून. मग तो दुसऱ्या खोलीची खिडकी उघडून ठेवायचा आणि आपण काहीतरी केलं असं समजायचा.

हा धंदा त्याने निवडलेला नव्हता. सत्तेचाळीस साली तो चौदाचा झाला त्या सकाळी वडिलांनी हत्यारांची कातडी पिशवी त्याच्या हातात दिली, आणि विषय संपला. हात चांगला होता, त्याबद्दल वाद नाही. बोटांनी झडप जरा उचलली की वजन किती कमीजास्त आहे ते त्याला कळायचं. पण ज्या घरात जन्मला त्याच घरात, त्याच पलंगावर तो एकसष्ट वर्षांचा झाला होता. एकोणसाठ साली काचेच्या दुकानातली एल्स्पेथ नावाची मुलगी कॅनडाला निघाली होती आणि तिने दोन तिकिटांची चौकशी करून ठेवली होती. निनियन तिला म्हणाला, आईच्या छातीचं काही खरं नाही. एल्स्पेथ एकटी गेली. आई त्यानंतर बारा वर्षं जगली, आणि त्यातली दहा वर्षं कोळशाची बादली घेऊन चार मजले चढत होती.

आई गेल्यावर इसाचं नाव आलं. मित्र म्हणाले चल दोन दिवस बेटावर मासे पकडायला, तर इसा एकटी पडेल. दुसऱ्या गावात चांगलं काम आलं, तर इसाच्या गुडघ्यांना कोण बघणार. इसाला ह्यातलं काही कुणी विचारलेलं नव्हतं. आणि गंमत बघा, ह्याला खरंच अडकल्यासारखं वाटायचं. सकाळी पडल्या पडल्या शेजारच्या खोलीतून इसाच्या लापशीच्या चमच्याचा आवाज आला की छातीवर कुणी तरी येऊन बसायचं. ह्या बाईपायी आपलं आयुष्य गेलं, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग स्वतःचीच लाज वाटून तो दिवसभर तिच्याशी फार गोड बोलायचा. ते गोड बोलणं तिला अजिबात आवडत नसे.

तीन वर्षांपूर्वी उत्तरेला, क्रोमर्टी गावी, त्याला समुद्रकाठच्या एका जुन्या घराचं काम मिळालं. घर एफी अर्कर्ट नावाच्या विधवेचं. खिडक्या चौतीस. तीन आठवड्यांसाठी इसाने त्याला जवळजवळ ढकलूनच पाठवलं. त्यानंतर तो दर उन्हाळ्यात जायचा आणि एवढ्या खिडक्या एकदम कशा होणार म्हणून थोडं काम मुद्दाम मागे ठेवायचा. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसून तळलेले मासे खायची. एफी मोठ्यांदा हसायची. निनियन तिथे सकाळी उठायचा तेव्हा छातीवर कुणी बसलेलं नसायचं.

ह्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला तिचं पत्र आलं. एफीने लिहिलं होतं की घरात खिडक्या चौतीस आणि माणूस एक, आणि दोन्हींचं वय झालंय. कायमचा येणार असशील तर महिनाअखेरपर्यंत कळव. नाहीतर मी घर विकून लेकीकडे न्यूझीलंडला जाते, मग तिकडून काही परत येणं होणार नाही. निनियनने पत्र खिशातल्या छोट्या डायरीत घडी करून ठेवलं. दिवसातून चारदा काढून वाचायचा, आणि उत्तर लिहायला बसला की कागदावर फक्त तारीख पडायची.

तेवीस एप्रिलला, शनिवारी, ऊन पडलं होतं. त्या सकाळी त्याने ठरवलं की आज ही खिडकी उघडायची. जाणार असलो तर निदान खिडकी उघडून जाऊ, आणि नाही गेलो तर निदान खिडकी तरी उघडी राहील. त्याने कोट खुर्चीच्या पाठीला टांगला, पातळ सुरीने झडपेच्या कडेकडेनं रंग कापला, खालून हळूहळू ठोकत गेला, आणि तासाभराने खालची झडप करकरत दीड हात वर आली. बटाटे सोलत बसलेली इसा उठून जवळ आली. चार मजले खाली मागचं अंगण होतं, दोरीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. पण ती बाहेर बघत नव्हती. ती चौकटीच्या डाव्या कडेकडे बघत होती. निनियनचं तिकडे लक्ष गेलं नाही.

वरची झडप बाहेरच्या बाजूनं रंगानं चिकटली होती. तिथवर पोचायचं तर इथल्या बायका काचा पुसायला बसायच्या तसं बसावं लागतं. बूड बाहेरच्या दगडी कठड्यावर, तोंड घराकडे, पाय आत, आणि खालची झडप मांड्यांपर्यंत ओढून घेतलेली, म्हणजे तोल गेला तर तीच धरून ठेवते. त्याची आई दर शुक्रवारी अशी बसायची. निनियनही बसला. गिऱ्हाइकाच्या घरी तो आधी दोऱ्या तपासल्याशिवाय झडपेखाली बोटसुद्धा घालायचा नाही. इथे त्याने दोरीकडे पाहिलंही नाही. आपल्याच घरात कशाला तपासायचं?

त्याने वरच्या झडपेला तीन दणके दिले. चौथ्याला खालच्या झडपेची उजवी दोरी तुटली. चौकटीच्या आत वजन धाडकन तळाला गेलं, झडपेची उजवी बाजू खाली आली आणि त्याच्या डाव्या मांडीवर बसली. डावी दोरी धरून राहिली. त्यामुळे झडप तिरकी होऊन चौकटीत अशी गच्च आवळली की वरही जाईना आणि खालीही येईना. निनियन कळवळला. त्याने दोन्ही हातांनी झडप उचलून पाहिली. जितका जोर लावला तितकी ती जास्त आवळली. खाली पाहायची त्याला हिंमत झाली नाही.

काचेपलीकडे इसा उभी होती, हातात बटाट्याची सुरी. जुनी काच पातळ असते, आवाज सहज आरपार जातो. तिने विचारलं, हाड मोडलं का. तो म्हणाला नाही, पण पाय बधीर होतोय. इसाच्यानं हे काम होणार नाही हे त्याने मनात गृहीतच धरलं होतं. तो म्हणाला, कॅटनाखबाईंच्या जावयाला फोन कर, तो गवंडी आहे, नंबर माझ्या कोटाच्या खिशात डायरीत आहे.

इसा वळली आणि कोटाच्या खिशात हात घातला, आणि तेव्हा त्याला आठवलं की डायरीत आणखी काय आहे. तो म्हणाला राहू दे, राहू दे, तू खालीच जा. पण डायरी उघडून झाली होती आणि घडी टेबलावर पडली होती. इसाने चष्मा नाकावर चढवला. दुसऱ्याचं पत्र वाचू नये वगैरे सभ्यतेच्या गोष्टी तिला माहीत नव्हत्या असं नाही. तिने त्या बाजूला ठेवल्या.

निनियन बघत राहिला. दुसरं काय करणार? माणसाला बाहेरच्या कठड्यावर चार मजल्यांवर टाचून ठेवलंय आणि समोर तीन हातांवर आपली बहीण आपलं गुपित ओळ ओळ वाचतेय. तिचे ओठ हलत होते. एकदा वाचून झालं, तिने कागद उलटला, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. मग तिने खुर्ची ओढली आणि खाली बसली. हिला मला इथेच ठेवायचंय, असं एक क्षण त्याला खरोखर वाटलं.

"कधी आलं हे?"

"तीन आठवडे झाले असतील."

"काय उत्तर दिलंस?"

"अजून नाही दिलं."

"का नाही दिलंस?"

त्याच्या मांडीत कळ गेली. तो म्हणाला, "इसा, आधी माणसं बोलव ना."

"आधी सांग."

"तुला टाकून कसा जाऊ?"

इसा उठली. तिचा चेहरा असा लाल झालेला त्याने वडिलांच्या दफनाच्या दिवशीही पाहिला नव्हता. ती काचेला नाक लागेल इतकी जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "माझ्या नावावर खपवू नकोस, निन्या. आईच्या नावावर खपवलंस तेव्हा ती बिचारी समोर नव्हती ऐकायला. मी आहे."

मग तिने फोन केला नाही. तिने कातडी पिशवी जवळ ओढली, त्यात न बघता हात घातला आणि रुंद पटाशी काढली. निनियन घाबरून म्हणाला, काच फुटेल, तुला जमायचं नाही, टोकाकडून उचकटू नको. ती म्हणाली, टोकाकडून कोण उचकटतंय. झडप आत पडू नये म्हणून चौकटीला आतून एक लाकडी पट्टी ठोकलेली असते. इसाने उजव्या पट्टीच्या बरोबर मधोमध पटाशी घातली, जिथे लाकूड वाकतं आणि मोडत नाही, आणि दोन हलक्या ठोक्यांत पट्टी सुटी केली. मग झडप उचलायच्या भानगडीत न पडता तिने वर राहिलेली डावी बाजू बोटभर खाली दाबली. आवळलेलं लाकूड सैल पडलं. तिने उजवी कड स्वतःकडे ओढली, आणि सगळी झडप डाव्या दोरीवर लटकत दारासारखी आत उघडली. काचेला ओरखडाही नाही.

निनियन कठड्यावरून आत येऊन जमिनीवरच बसला. हे तुला कुठून येतं, त्याने विचारलं. इसाने झडप खुर्चीला टेकवून ठेवली, डावीकडे चौकटीत रंगाखाली दडलेली एक वीतभर लांबीची फळी शोधली, सुरीने तिच्या कडा मोकळ्या केल्या आणि ती उचलून काढली. आतल्या वजनापर्यंत पोचायचं हे झाकण. खालची झडप वर गेल्याशिवाय ते कुणाला काढता येत नाही. ह्या कामातली माणसं दोरी बदलली की झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं नाव आणि साल लिहितात. निनियननेही शहरभर शेकडो ठिकाणी लिहिलं होतं. तुटलेल्या उजव्या दोरीच्या झाकणामागे त्याचंच नाव होतं, छप्पन्न सालचं. डावं झाकण त्याने कधी उघडलं नव्हतं.

"वाच," इसा म्हणाली.

वडिलांचं अक्षर होतं, ठसठशीत. डावी दोरी इसाने घातली. एकटीने. मे १९४४.

निनियनने ते दोनदा वाचलं. घरात असं सांगायची पद्धत होती की युद्धाच्या काळात वडिलांचे दोन्ही गडी फौजेत गेले तेव्हा इसा पिशवी धरायला त्यांच्याबरोबर जायची. पिशवी धरायला. इसाने जमिनीवर सांडलेले रंगाचे कपचे हाताने गोळा करता करता सांगितलं की तिने तीन वर्षं अर्ध्या शहराच्या दोऱ्या घातल्या. पंधरा वर्षांची असताना काच कापायची, लांबी भरायची, वजनं जुळवायची. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे की काम मी केलं, कारण पोरीनं केलं म्हटलं तर लोक दुसऱ्याला बोलावतील. एकाच ठिकाणी त्यांनी खरं लिहिलं, स्वतःच्या घरात, जिथे कुणी बघणार नव्हतं.

"म्हणून तू दरवर्षी म्हणायचीस खिडकी उघड."

"मग तुला काय वाटलं, कोबीचा वास?"

"तूच उघडायची होतीस. तुला येतं की."

"सत्तेचाळीस सालच्या त्या सकाळी बाबा मला म्हणाले, आता ह्या पिशवीला हात लावायचा नाही, ती निन्याची." तिने हातातले कपचे टेबलावर ठेवले. "आणि मी दाखवलं असतं तर ती माझी फुशारकी झाली असती. तुला आपणहून सापडायला हवं होतं. बाबांनी तुला हत्यारं दिली, आणि माझ्या पदरात तुला टाकलं. अडतीस वर्षं मी बिस्किटं मोजली, निन्या, आणि संध्याकाळी येऊन तुझं सूप केलं. तू अडकलास म्हणतोस. तुला दारं होती. तू ती एकेक करून रंगवून टाकलीस."

निनियन रडला. एकसष्ट वर्षांचा माणूस स्वयंपाकघरात जमिनीवर बसून, दुखरा पाय लांब करून रडला, आणि इसाने त्याला रडू दिलं. तिने फक्त किटली ठेवली. चहा झाल्यावर तिने कागद आणि पेन त्याच्यासमोर आपटलं. तो म्हणाला, पण तू इथे एकटी. तिने पेन त्याच्या हातात दिलं, आणि त्याने ते वाक्य गिळलं. मग तारखेच्या खाली पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं गेलं. फार नाही, दोन ओळी. येतो. शनिवारच्या गाडीनं.

सोमवारपर्यंत दोन्ही दोऱ्या नव्या झाल्या होत्या. निनियनच्या मांडीला काळानिळा पट्टा उठला होता आणि त्याला वाकता येत नव्हतं, तेव्हा काम इसाने केलं. तो स्टुलावर बसून सूचना द्यायला लागला तर तिने त्याला बटाटे सोलायला लावले. दोन्ही झाकणांच्या आत तिने स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, एकदा वडिलांच्या अक्षराखाली आणि एकदा निनियनच्या. झडप एका बोटानं वर गेली आणि जिथे सोडली तिथे थांबली. सगळा आठवडा स्वयंपाकघर गारठ्यानं भरून गेलं, तरी तिने खिडकी लावली नाही.

तीस तारखेला निनियन निघाला. एका हातात कपड्यांची बॅग, दुसऱ्या हातात सवयीनं उचललेली कातडी पिशवी. इसा दारात उभी होती. त्याला वाटलं ती हात पुढे करतेय तो निरोपाला. त्याने बॅग खाली ठेवून तिचा हात धरायला हात पुढे केला.

"पिशवी," इसा म्हणाली.

"तिकडे चौतीस खिडक्या आहेत, इसा. मी काय नखांनी काम करू?"

"तिकडे दुकानं नाहीत? ह्या जिन्यात आठ घरं आहेत, एकेकाच्या सहा खिडक्या, आणि तू अर्ध्या लटकत ठेवल्यास. माझे गुडघे तेवढे मजले उतरतात."

सत्तेचाळीस वर्षांत मूठ बसून बसून पिशवीच्या कातडी कड्यावर त्याच्या बोटांचे खड्डे पडले होते. तिने ती घेतली, वजन तोललं, आणि आतल्या बाजूला ठेवली. मग त्याची टोपी सरळ केली. लिहीत जा, असं काही ती म्हणाली नाही. मोजे घेतलेस का, एवढंच म्हणाली.

तो खाली उतरू लागला. पहिल्या मजल्यावर कॅटनाखबाई कचऱ्याची पिशवी घेऊन दारात उभ्याच होत्या. त्यांनी विचारलं, माझ्या खिडकीचं काय ठरलं मग. निनियनच्या जिभेवर नेहमीचं उत्तर आलंसुद्धा, की बघू, इसाची तब्येत जरा. पण ते नाव आता त्याला वापरायला उरलं नव्हतं. आणि वरून, जिन्याच्या कठड्यावरून वाकून, इसाचा आवाज आला.

"सोमवारी नऊला मी येते, कॅटनाखबाई. खिडकीखालचं कपाट तेवढं हलवून ठेवा."

कॅटनाखबाईंनी वर पाहिलं, मग निनियनकडे पाहिलं. त्याने टोपीला हात लावला. हात रिकामा होता आणि त्याचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने तो खिशात घातला. मग तो उरलेल्या पायऱ्या उतरला आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला. त्याला भीती वाटत होती, आणि ती भीती त्याची एकट्याची होती.